जुन्या जखमेचा वाटा कुणाच्या माथी?

एका डोळ्यानं आधीच अंध असलेला माणूस कारखान्यात कामाला लागतो. काही वर्षांनी लोखंडाचा कण उडतो आणि चांगला डोळाही जातो. मालकाच्या दारात गेला तो एकच डोळा, पण घरी परतला तो पूर्ण आंधळा माणूस. भरपाई एका डोळ्याची द्यायची, की आंधळेपणाची?

प्रश्न कायद्याच्या परीक्षेसाठी रचल्यासारखा वाटतो, पण तो खरोखरच्या न्यायालयांपुढे आला आणि जागोजागी त्याचं उत्तर वेगळं निघालं. डोळ्याचं उदाहरण निदान स्वच्छ तरी आहे. खरी भांडणं होतात ती कमरेवरून, मानेवरून, गुडघ्यावरून. जुनं दुखणं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, हे तिथे एक्स-रे सांगू शकत नाही. हमालाची कंबर वीस वर्षं झिजत असते आणि एकविसाव्या वर्षी पोतं उचलताना ती जाते. मालक आणि त्याच्यामागे उभी असलेली विमा कंपनी म्हणते, कंबर आधीच गेलेली होती. कामगार म्हणतो, काल संध्याकाळपर्यंत मी पोती उचलत होतो. दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून तर हा तंटा शंभर वर्षं मिटलेला नाही.

इंग्लंडमध्ये कामगार भरपाईचा पहिला कायदा १८९७ चा. १९१२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे बॉल विरुद्ध विल्यम हंट हा खटला आला, तो चमत्कारिक होता. कामगाराचा एक डोळा आधीच निकामी होता, पण बाहेरून कळत नसे. अपघातात तोच निकामी डोळा दुखावला आणि काढून टाकावा लागला. दृष्टी होती तेवढीच राहिली, हातातलं कसबही गेलं नाही. तरी आता त्याचं एकाक्षपण उघड दिसू लागलं आणि त्याला कोणी काम देईना. लॉर्ड्सनी कामगाराच्या बाजूनं कौल दिला: काम मिळवण्याची ताकद गेली असेल तर तीही असमर्थताच. शरीराच्या नुकसानीचं माप आणि बाजारात त्या शरीराला मिळणाऱ्या मोलाचं माप वेगवेगळं असतं, ही फट तेव्हाच दिसली होती. वाटणीचं सगळं भांडण याच फटीत वाढलं.

अमेरिकेत १९२५ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसरं टोक गाठलं. एक डोळा आधी गमावलेल्या कामगाराचा दुसरा डोळा कामावर गेला आणि न्यायालयानं संपूर्ण आंधळेपणाची भरपाई शेवटच्या मालकावर टाकली. निकाल दयाळू होता, परिणाम क्रूर झाला. त्यानंतरच्या महिनाभरात एक डोळा, एक हात किंवा एक पाय नसलेल्या हजारो कामगारांना ओक्लाहोमात कामावरून काढलं गेलं, अशी साक्ष अमेरिकेतल्या या विषयाच्या लिखाणात वारंवार उद्धृत होते. अधू माणूस कामावर ठेवणं म्हणजे पुढच्या अपघाताचं दुप्पट बिल, एवढंच मालकांनी त्यातून घेतलं. न्यूयॉर्कनं यावर १९१६ मध्येच तोडगा काढला होता. मालकानं फक्त नव्या इजेचं द्यायचं, उरलेलं सरकारी देखरेखीखालच्या निधीनं. दुसऱ्या महायुद्धातून जखमी सैनिक परतू लागले तेव्हा बहुतेक राज्यांनी असे निधी उभे केले. कॅलिफोर्नियाचा १९४५ चा.

या वाटणीचा सगळ्यात तपशीलवार आणि सगळ्यात भांडखोर कायदा कॅलिफोर्नियाचाच आहे, म्हणून थोडा मुक्काम तिथे करू.

तिथे १९१३ च्या कायद्यानं भरपाई सक्तीची झाली. पुढे कित्येक दशकं नियम कामगाराकडे झुकलेला राहिला. अपघातापूर्वी जे अपंगत्व प्रत्यक्षात होतं, कामात आडवं येत होतं, तेवढंच वजा करायचं. गुडघ्यात संधिवात आहे पण त्यापायी कधी रजा पडली नाही, तर तो हिशेबात नाही. अपघात झाला नसता तरी आज हे दुखणं उद्भवलंच असतं, असं डॉक्टरनं पटवून दिलं तरच कपात. सुप्त दुखणं ज्यानं जागं केलं त्यानं सगळं भरायचं.

२००३ च्या सुमारास तिथले कामगार विम्याचे हप्ते आकाशाला भिडले होते. आधीच्या गव्हर्नरला हटवणाऱ्या निवडणुकीत गव्हर्नर झालेल्या आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या आश्वासनांत हे हप्ते खाली आणणं वरच्या क्रमांकावर होतं. १९ एप्रिल २००४ रोजी त्यांनी सिनेट विधेयक ८९९ वर सही केली आणि जुना नियम एका वाक्यात उलटला. अपंगत्वाची वाटणी आता कारणांनुसार करायची. कामावरच्या इजेनं थेट जेवढे टक्के अपंगत्व आलं, तेवढ्यालाच मालक जबाबदार. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरनं किती टक्के या अपघातामुळे आणि किती टक्के आधीच्या वा नंतरच्या इतर कारणांमुळे, हे सांगायलाच हवं. ते नसेल तर अहवाल अपुरा.

पुढच्याच वर्षी एका साखळी दुकानातल्या कर्मचारी बाईंचा खटला राज्याच्या अपील मंडळाच्या पूर्ण पीठापुढे आला. डाव्या गुडघ्याला कामावर इजा झाली होती. दोन्ही गुडघ्यांत संधिवात होता, पण त्यानं कामात कधी खंड पडला नव्हता. एस्कोबेडो या नावानं तिथल्या वकिलांच्या तोंडी बसलेल्या या निकालानं ठरवलं की आवाज न करणारी झीजही ‘इतर कारण’ आहे. बाईंच्या अपंगत्वातला अर्धा हिस्सा वजा झाला.

त्याच निकालानं एक कुंपणही घातलं आणि माझ्या मते ते निकालाच्या मुख्य भागापेक्षा मोलाचं आहे. कपात सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आणि डॉक्टरनं नुसता आकडा लिहून भागणार नाही असं बजावलं. समजा अहवालात एवढंच आहे: ‘कमरेच्या अपंगत्वापैकी ५० टक्के अपघातामुळे, ५० टक्के मणक्याच्या जुन्या झिजेमुळे.’ हा अहवाल टिकत नाही. झीज नेमकी कुठल्या मणक्यांत आहे, आज तपासणीच्या दिवशी ती वाकण्यात, बसण्यात, वजन उचलण्यात काय अडथळा आणते, अपघात नसता तर तो अडथळा कितपत आला असता आणि वाटा निम्माच का, चाळीस का नाही, साठ का नाही, हे सगळं डॉक्टरनं कारणांसहित लिहायचं. ‘कसं’ आणि ‘का’ या दोन प्रश्नांवर कॅलिफोर्नियातले अर्धेअधिक युक्तिवाद आजही चालतात.

चालणारच, कारण वैद्यकशास्त्राला या प्रश्नांचं टक्क्यांत उत्तर देता येत नाही. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे मणके तपासलेल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या निरोगी लोकांतही सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांच्या गाद्यांत झीज दिसत होती आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जात होतं. म्हणजे एमआरआयमध्ये झीज दिसणं हे बऱ्याच अंशी वाढदिवस झाल्याचं लक्षण आहे. पन्नाशीच्या कामगाराची कंबर तपासली की झीज सापडणार, हे तपासण्याआधीच ठरलेलं. मग जे सगळ्यांच्याच अंगात असतं त्याला एकट्या या माणसाच्या अपंगत्वाचं कारण म्हणायचं का? कायदा म्हणतो, म्हणायचं. मला हे पटत नाही. पण विमा कंपन्यांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. तेच पोतं तीस वर्षांच्या हमालानं उचललं असतं तर त्याची कंबर कदाचित गेली नसती. फरक कशानं पडला? झिजेनं. तर्क बिनतोड आहे, मात्र तो लावला की वय वाढणं हाच कामगाराचा दोष ठरतो.

हा तर्क कुठवर जातो ते २०१७ मध्ये दिसलं. जॅक्सन नावाच्या छोट्या शहराच्या पोलीस दलातल्या, तिशीही न गाठलेल्या अधिकाऱ्याची मान कामामुळे दुखावली. डॉक्टरनं आधी चार कारणांत जवळपास सारखी वाटणी केली. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी ती बदलली आणि ४९ टक्के वाटा व्यक्तिगत इतिहासाला, त्यातही आनुवंशिकतेला दिला. आधाराला जुळ्या भावंडांवरचे अभ्यास होते. अपील मंडळानं हे नाकारलं. अपील न्यायालयानं मंडळाला खोडून काढलं आणि वाटणी मान्य केली. आईबापांकडून आलेला मणकाही आता हिशेबात धरला गेला. न्यायालयाच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की डॉक्टरनं पुरावा दिला होता आणि २००४ चा कायदा कुठलंच कारण वगळत नाही. दोष असेल तर तो विधिमंडळाचा.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी बोचरी होते. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होतात, मनगटाची नस दाबली जाण्याचा त्रास बायकांना अधिक होतो, मग टायपिंगनं मनगट गेलं तरी त्यातला काही वाटा ‘बाई असण्याला’ द्यायचा का? अशी कपात बंद करणारी विधेयकं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं २०१५ आणि २०१६ मध्ये मंजूर केली आणि दोन्ही वेळा गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरला.

आता गणित. इथे जरा दमानं घ्यावं लागेल, कारण या विषयातला सगळ्यात मोठा पैसा औषधात नाही, वजाबाकीत आहे.

कॅलिफोर्नियात १९७२ पूर्वी अपंगत्वाच्या प्रत्येक टक्क्याला चार आठवड्यांची भरपाई मिळे. दर सपाट होता, त्यामुळे वजाबाकी कशीही केली तरी उत्तर एकच. मग तक्ता चढता झाला, आपल्या इन्कम टॅक्सच्या टप्प्यांसारखा. जितकं अपंगत्व गंभीर, तितका वरचा प्रत्येक टक्का महाग. सध्याच्या तक्त्यात सुरुवातीच्या टक्क्यांना प्रत्येकी ३ आठवडे मिळतात, ३० ते ५० च्या दरम्यान ७, ५० ते ७० च्या दरम्यान ८ आणि ७० च्या वर थेट १६. शिवाय ७० टक्क्यांपासून तहहयात पेन्शन.

समजा एका कामगाराचं एकूण अपंगत्व ६० टक्के ठरलं आणि त्यातलं ३० टक्के जुनं. आठवड्याला कमाल दर २९० डॉलर धरू. पहिली रीत: ६० मधून ३० वजा करा आणि उरलेल्या ३० टक्क्यांचे पैसे जणू ती पहिलीच इजा आहे असे मोजा. १३१ आठवडे, म्हणजे ३७,९९० डॉलर. दुसरी रीत: ६० टक्क्यांचे आठवडे काढा, ३५१.२५, आणि निम्मे द्या. सुमारे ५०,९३१ डॉलर. तिसरी रीत: ६० टक्क्यांच्या पैशातून ३० टक्क्यांचे पैसे वजा करा. २२०.२५ आठवडे, म्हणजे ६३,८७२ डॉलर ५० सेंट. माणूस तोच, डॉक्टर तोच, टक्केवारीही तीच. नुसती वजाबाकी आधी केली की नंतर, यावर जवळजवळ २६ हजार डॉलरचा फरक.

तिसरी रीत मला सरळ वाटते. अधू माणसाला आणखी ३० टक्के अधू करणं हे धडधाकट माणसाला ३० टक्के अधू करण्यापेक्षा जास्त वाईट आहे, म्हणून तर तक्ता चढता केला. पहिली रीत जुन्या इजेला तक्त्याचे महागडे वरचे टक्के देते आणि नवीला स्वस्त खालचे. काळाचा क्रमच उलटा होतो. तरी १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फ्युएंटेस निकालात पहिलीच रीत निवडली. तेव्हाचं कलम म्हणत होतं की नंतरची इजा स्वतंत्रपणे, एकटी धरून मोजावी. अधू माणसाला कामावर घेताना मालक कचरू नयेत, हाही विचार होता. २००४ मध्ये ते कलमच रद्द झालं. मग पुन्हा जुंपली. अपील मंडळ पहिल्या रीतीवर ठाम राहिलं, तर दोन अपील न्यायालयं तिसरीकडे गेली. शेवटी मे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ब्रॉडी निकालात पहिल्या रीतीवर शिक्कामोर्तब केलं. नव्या कायद्यातही शब्द ‘टक्के’ असा आहे, म्हणून टक्क्यांतूनच वजाबाकी करायची, पैशांतून नाही. विधिमंडळाला रीत बदलायची असती तर तसं स्पष्ट म्हटलं असतं, हा युक्तिवाद. एका कलमावर उभा असलेला नियम, ते कलम गेल्यावरही उभाच राहिला.

दोन्ही इजा एकाच नोकरीतल्या असल्या तरी सुटका नाही. १९७७ पासून नियम होता की एकाच मालकाकडे, शरीराच्या एकाच भागाला लागोपाठ दोन इजा झाल्या आणि दोन्ही एकाच वेळी स्थिरावल्या, तर अपंगत्व एकत्र मोजायचं. २००९ मध्ये बेन्सन खटल्यात तोही गेला. फायली हाताळणाऱ्या कर्मचारी बाईंची मान एका झटक्यानं आणि वर्षानुवर्षांच्या ताणानं अशी दोन्ही कारणांनी गेली होती. एकूण ६२ टक्के. डॉक्टर म्हणाले, निम्मं-निम्मं. मग ६२ चा एक निवाडा न होता ३१-३१ चे दोन झाले. आजच्या तक्त्यानं पाहिलं तर ३६७.२५ आठवड्यांऐवजी २७६. पाय मोडला कुणाच्या दारात यावर वाद समजू शकतो, पण इथे दार एकच होतं. डॉक्टरला दोन कारणं वेगळी करताच येत नसतील तेवढीच सूट न्यायालयानं ठेवली. आणि डॉक्टरला येत नसली तरी तो बहुतेकदा ‘निम्मं-निम्मं’ लिहितो, हे त्या क्षेत्रात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आणखी एक कलम जाता जाता सांगण्यासारखं. एकदा तुम्हाला अपंगत्वाची भरपाई मिळाली की ते अपंगत्व पुढच्या इजेच्या दिवशीही आहेच, असं कायदा ठामपणे गृहीत धरतो. दरम्यान तुम्ही बरे झालात, धावायला लागलात, तरी कागदावर ते तसंच. मालकाला निदान जुनं आणि नवं अपंगत्व एकमेकांवर चढतं हे सिद्ध करावं लागतं, एवढाच दिलासा. उपचारांनीच अपंगत्व आलं तर काय, हा धागा अजून हेलकावतो आहे. मनगटाच्या शस्त्रक्रियेतून नवाच चिवट वेदनाविकार जडलेल्या बाईंना २०१७ मध्ये कपातीविना पूर्ण भरपाई मिळाली, कारण तो विकार मालकानं पुरवलेल्या उपचारांतूनच आला होता. पण २०२० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानं दोन्ही गुडघे बदललेल्या कर्मचारी बाईंच्या प्रकरणात जुन्या संधिवाताचे ५० टक्के वजा करायला लावले आणि आधीचा निकाल अरुंद करून टाकला.

ही कठोर वाटणी सुसह्य करण्यासाठीच तो १९४५ चा निधी होता. त्याचं दार मात्र सगळ्यांना उघडं नाही. जुनं-नवं मिळून ७० टक्के व्हायला हवेत आणि नवी इजा एकटी ३५ टक्क्यांची हवी. अपवाद जोडीतल्या दुसऱ्या हाताचा, पायाचा किंवा डोळ्याचा, तिथे ५ टक्के पुरतात. मधल्या पट्ट्यातला, ४०-५० टक्क्यांचा सामान्य कामगार दोन्हींकडून सुटतो. इतर अनेक राज्यांनी तर आपापले निधी बंदच केले. १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्यानं नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला, मग मालकांना वेगळं आमिष कशाला, असं म्हणून.

अमेरिकेबाहेर दोन तऱ्हा लक्षात घेण्यासारख्या आहेत. ब्रिटनच्या औद्योगिक अपघात योजनेत अपघात नसता तर माणूस जेवढा अपंग असता तेवढं एकूणातून वजा करतात. आधीच एक डोळा आंधळा, त्याचे ३० टक्के. दुसरा गेला, एकूण १००. नव्या अपघाताच्या वाट्याला ७०. दोन इजा मिळून जो जादा अंधार होतो, तो नव्या इजेच्या खात्यात पडतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं १९९८ च्या कायद्यात अधिक रोखठोक वाट धरली. जुन्या दुखण्याचा वाटा ठरवणं फार अवघड किंवा खर्चिक असेल, तर पुराव्याशी विसंगत नसेल तोवर १० टक्के वजा झाले असं धरायचं. हा आकडा शास्त्रातून आलेला नाही, आणि तो तसा आल्याचं सोंगही तो कायदा करत नाही. डॉक्टरनं आत्मविश्वासानं लिहिलेल्या ‘५०’ पेक्षा मला हा ‘१०’ जास्त प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे काय? भारतातला १९२३ चा कायदा ब्रिटिश वळणाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्याच्या परिशिष्टातला तक्ता पाहा: गुंतागुंत नसताना एक डोळा जाणं ४० टक्के, एका डोळ्याची नुसती दृष्टी जाणं ३० टक्के, पण दोन्ही ओळींत अट आहे की दुसरा डोळा चांगला असावा. दुसरा चांगला नसेल तर ती ओळ लागूच होत नाही. मग बघायचं व्याख्येकडे. तिथे संपूर्ण असमर्थता म्हणजे अपघाताच्या वेळी कामगार जी कामं करू शकत होता, ती सगळी करता न येणं. मोजपट्टी सुरू होते ती त्या दिवशी सकाळी कामावर आलेल्या माणसापासून. एका डोळ्यानं जी कामं तो करत होता ती सगळी गेली, म्हणजे १०० टक्के गेले. लॉर्ड्सना १९१२ मध्ये जे खटल्यातून सांगावं लागलं, ते आपल्या व्याख्येत जवळपास लिहिलेलंच आहे.

जुन्या दुखण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल तर मूलभूत आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचा रात्रपाळीचा पहारेकरी हृदयविकारानं कामावर असताना गेला. विकार जुना होता. १९५४ च्या अहवालात छापल्या गेलेल्या या निकालात मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी सांगितलं की कामाच्या ताणानं मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर आणला, तर मालक जबाबदार. हातभार किती टक्के, हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सुताराचा डावा हात गेल्यावर तक्त्यातले टक्के बाजूला ठेवून संपूर्ण असमर्थता मान्य केली, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. २०११ च्या राजकुमार निकालानं मोटार अपघातांच्या दाव्यांत हाच भेद नीट मांडून ठेवला: शरीराचं अपंगत्व एक, कमाईचं नुकसान दुसरं. हात गेलेला ड्रायव्हर आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं.

गणितही आपलं सपाट आहे. तीस वर्षांचा कामगार, पगार १५,००० (त्याहून जास्त असला तरी २०२० पासूनची मर्यादा तेवढीच). त्याचे ६० टक्के ९,०००, वयाचा गुणक २०७.९८, म्हणून पूर्ण असमर्थतेला १८,७१,८२० रुपये. एका टक्क्याला १८,७१८. वजाबाकी टक्क्यांतून करा की रुपयांतून, आकडा बदलत नाही. कॅलिफोर्नियाचं तीस वर्षांचं भांडण इथे होऊच शकत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे सगळं आलबेल आहे असा नाही. तत्त्व उदार आणि पैसा तुटपुंजा, अशी आपली तऱ्हा. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली बोटं गेली तर ठेकेदार आधी कामगाराची हजेरी नाकारतो. जुन्या इजेपर्यंत वाद पोचायला कामगार तिथे कामाला होता हे आधी ठरावं लागतं. आणि जिथे तो पोचतो तिथे कॅलिफोर्नियाचीच सावली दिसते. तक्त्याबाहेरच्या इजेत टक्के डॉक्टर ठरवतात आणि दाखल्यावर ‘मणक्यात जुनी झीज’ असे तीन शब्द असले की विमा कंपनीचा वकील तेवढेच वाचतो. कायद्यात कपात नाही, पण दाखल्यात ती आधीच झालेली असते, न सांगता.

वाटणीची चांगली तरतूदही आपल्याच कायद्यात आहे. धुळीनं होणारा सिलिकोसिस, कापसाच्या तंतूंनी होणारा गिरणी कामगारांचा बिसिनोसिस, उसाच्या चिपाडाच्या धुळीचा बगॅसोसिस असे रोग अनेक मालकांकडे नोकरी करताना जडले असतील, तर सगळे मालक जबाबदार. सक्षम अधिकाऱ्याला न्याय्य वाटेल त्या प्रमाणात त्यांनी आपसात वाटून घ्यायचं. इथे वाटणी आहे, पण ती पैसे देणाऱ्यांमध्ये. कामगाराच्या हातावर पडणारी रक्कम तिनं घटत नाही.

सगळा आढावा घेतल्यावर माझं मत याच रेषेवर येऊन थांबतं. जुन्या अपंगत्वाचे पैसे आधीच मिळाले असतील, किंवा त्यानं माणसाची मजुरी अपघातापूर्वीच घटवली असेल, तर ते वजा करणं योग्य. दोनदा पैसे कुणीच देऊ नयेत. पण ज्या झिजेनं एक दिवसाचाही खाडा पाडला नाही, ती वजा करू नये. मालकाला हे जड होतं हे खरं, त्यासाठीच विमा आणि निधी असतात. महाराष्ट्रात तर त्याला घरचा सांगाडा तयार आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं उभी केली, मालकांकडून मजुरीवर लेव्ही जमा होते आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस असे लाभ दिले जातात. टोळीतल्या हमालाची कंबर दहा व्यापाऱ्यांच्या गोदामांत मिळून झिजते. दहा जणांच्या लेव्हीतूनच तिचा भार उचलला जावा, एवढी सोय त्या चौकटीत करता येण्यासारखी आहे.

तोवर अपंगत्वाचे दाखले लिहिणाऱ्या डॉक्टरांना एकच विनंती. ‘जुनी झीज’ लिहायची असेल तर जरूर लिहा, पण त्याआधी समोरच्या माणसाला विचारा की अपघाताच्या आदल्या आठवड्यात तो किती वजन उचलत होता, किती तास उभा राहत होता, किती खाडे झाले होते. आणि त्याचं उत्तर त्याच दाखल्यावर, त्याच ओळीखाली लिहा.